निर्लेखन

साहेब म्हणाले, तडवी, मार्चअखेर आलाय,
जडवस्तूंची नोंदवही काढा,
एकेका वस्तूपुढं आयुर्मान लिहा,
ज्याचं संपलं त्याच्यावर लाल रेघ.

मी सावद्याच्या दवाखान्यात गुरांचा व्रणोपचारक.
बत्तीस वर्षं दात बघून वय सांगत आलो:
दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला.
त्यापुढं दात बोलत नाहीत,
शिंगांवरच्या कड्या मोजाव्या लागतात,
आणि त्याच्याही पुढं
मालकाच्या तोंडाकडं बघावं लागतं.

खुर्चीला दात नसतात.

परिपत्रकात दिलंय म्हणा सगळं.
लाकडी खुर्ची दहा वर्षं. लोखंडी कपाट वीस.
जस्ताची बादली तीन.
लसीचा फ्रीज आठ,
पण आमचा मे महिना आणि आमची लाईट बघता
पाच धरावा, असं मी बाजूला पेन्सिलीनं लिहिलं.
थर्मामीटर: फुटेपर्यंत.
साहेबांनी ते खोडलं. अंकात लिहा म्हणाले.

दुपारी भागूबाई झोपे शेळी घेऊन आली.
जबडा उघडला, खालचे पुढचे दोन गायब.
"किती चालीन रे भो अजून?"
म्हटलं, दोन वेतं धर. तिसरं धरू नको.
ती हसली आणि पटकन पदर तोंडाला लावला.
मी वहीत काहीतरी शोधल्यासारखं केलं.

मला विचारा, मी सांगतो.
म्हैस नीट ठेवली तर वीस वर्षं.
कुत्रं बारा, हायवेजवळचं चार.
गोचीड अंगावर थोडे दिवस,
पण भिंतीच्या भेगेत उपाशीपोटी
महिनोन्‌महिने थांबते, कोणीतरी टेकायला येईल म्हणून.
म्हशीचा टोणगा किती जगतो
हे मात्र मला विचारू नका.
त्याला आयुर्मान नसतं, गिऱ्हाईक असतं.

दवाखान्याच्या मागं इच्छाराम भंगाळेची केळी.
एका खोडाला एकदाच घड,
घड उतरला की कोयता.
चौदा महिने, फार तर पंधरा.
इच्छाराम सांगतो, बाग माझा तिसऱ्या वर्षाचा.
कोणता, मी विचारतो,
कापून आडवा पडलाय तो
का बुंध्याजवळ पील उभा आहे तो?
तो म्हणतो, चहा सांग.

मग अनुक्रमांक सतरा.
खोडा, बाभळीचा, नग एक.
खरेदी चौऱ्याहत्तर साली, रुपये एकशे चाळीस.
त्याच्यावर लाल रेघ, सत्त्याऐंशीची,
कोणा बऱ्हाटे साहेबांची सही.
त्याखाली आणखी एक लाल रेघ, दोन हजार तीनची.

म्हणजे मी कामाला लागलो
तेव्हाच हा मेलेला होता.
ह्या मेलेल्यात मी किती गुरं उभी केली,
इंजेक्शनं, टाके, अडकलेली वासरं,
आणि पुढच्या आडव्या दांड्याला
मानांनी घासून घासून खळगा पडला,
तळहात ठेवला तर तेल लावल्यासारखा लागतो.
नवा मंजूर होता. कागद जळगावला गेला.
कागदाचं आयुर्मान परिपत्रकात नाही.

साहेबांनी बोट ठेवलं.
हा अजून इथं कसा?
म्हटलं, न्यायला कोणी आलं नाही.
मग ते माझ्याकडं बघत राहिले. माझं एकतीस मेला आहे,
पण ते आस्थापनेच्या वहीत, माझ्या नाही.

तिसरी रेघ मारू का विचारणार
इतक्यात फाटकाशी इच्छारामचा गोऱ्हा,
उजवा पाय टेकत नव्हता.
पट्टी आणि लाल पेन तसंच टाकून
मी खोड्याची खिट्टी काढली.
सागाची आहे, गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी
मीच तासून बसवलेली, घरच्या लाकडाची.

तिची नोंद केलेली नाही.